एकशे बारा नंबरची काच

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका वाचनालयातल्या चोरीनं जेवढा संताप दिला तेवढा कशानंच दिला नाही. त्यातला निम्मा संताप माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकतो. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांनी केलं त्यांना ती ठाऊक आहेत.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं काचेच्या निगेटिव्हच्या दोन पेट्या होत्या. पूर्वी फिल्म नव्हती तेव्हा फोटो काचेवर उमटायचा, तोही उलटा. चेहरा काळा, केस पांढरे. त्या काचेवरून मग कागदावर फोटो छापायचे. गावातल्या एका मुसलमान फोटोग्राफरनं जन्मभर काढलेल्या या काचा. दुकान बंद झाल्यावर त्यांच्या मुलानं त्या वाचनालयाला देऊन टाकल्या, गावाची चीज गावाकडं राहावी म्हणून. एक पैसा घेतला नाही.

वाचनालयानं या काचांचं प्रदर्शन ठरवलं. पहिल्या पेटीतल्या काचांचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून मोठे करून झाले होते, दुसरी पेटी तशीच राहिली होती. नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांनी कळवलं की नुसते कागद लावू नका, मूळ काचाही खालून उजेड सोडून मांडा, लोकांना खरी गंमत तिथं कळेल. म्हणून दुसरी पेटी शोधायला गेले, तर पेटीच नाही. तीस काचा गायब.

सचिव फिर्याद द्यायला आले. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरे कपडे, बोलणं मोजून मापून. सोबत अध्यक्ष. मी चहा मागवला. संशय कुणावर, असं विचारायच्या आतच त्यांनी नाव सांगितलं. त्या फोटोग्राफरचा नातू. बाजारात त्याचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं, वाचनालयाची फाटकी पुस्तकंही तोच बांधायचा. वय साठीच्या पुढं. गाव त्याला चाचा म्हणायचं. कारण असं की महिनाभरापूर्वी चाचानं दुसऱ्या पेटीतली एक काच फोटो छापण्यापुरती मागितली होती. सचिवांनी ती वाचनालयाची मालमत्ता आहे म्हणून नकार दिला आणि शब्दाला शब्द वाढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. चाचाच्या दुकानाची झडती घ्या, पेटी तिथंच आहे, एवढं सांगून माणसानं फोन ठेवला. आमच्या ठाणे अंमलदाराला एक खोड होती. आलेला प्रत्येक नंबर तो स्टेशन डायरीत लिहायचा. त्याच्या या खोडीला आम्ही सगळे हसायचो.

पंच घेऊन झडती घेतली. पेटी खरंच सापडली, पण रिकामी. चाचा म्हणाला, "साहेब, मी पुठ्ठ्यासाठी वाचनालयाची रद्दी उचलतो. त्याच्यात भेटली. दादाची पेटी मी वळखनार नाई का? तवाच सचिवसाहेबाले इचारलं, पेटी फेकली काहून? ते म्हने, काचा नव्या पेटीत ठेवल्या." दादा म्हणजे त्याचे आजोबा, तो फोटोग्राफर.

मी सचिवांना विचारलं. ते म्हणाले, असं काही बोलणंच झालं नाही. झालं. एकीकडं मुख्याध्यापक, दुसरीकडं पुस्तकं शिवणारा माणूस, ज्याच्या दुकानात पेटी सापडली. मी कुणावर विश्वास ठेवला हे सांगायची गरज नाही. वाचनालयाच्या शिपायाला एक प्रश्न विचारला असता की बाबा, ही पेटी रद्दीत कुणी टाकली, तर प्रकरण तिथंच उलगडलं असतं. तो प्रश्न मला सुचला नाही, कारण माणूस मला आयता मिळाला होता.

मी चाचाला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. अटक नाही, नुसती चौकशी. सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं. आमच्या खात्यात याला कुणी काही समजत नाही. बाकडं मात्र फाटकाजवळ, रस्त्याच्या समोर. येणारा-जाणारा बघतो. त्याच्याकडं वह्या बांधून घेणारी पोरं बघत होती, मशिदीतून परतणारे बघत होते. तो टोपी मांडीवर ठेवून बसायचा. हवालदारानं डबा पुढं केला तर म्हणाला, "राहू द्या भाऊ. घास उतरत नाई."

दुसऱ्या दिवशी मी आवाज चढवला. सांगून टाका चाचा, काचा द्या, मी मिटवतो, असं म्हटलं. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघत बोलला.

"मिटवता कायले? मी माह्याच दादाच्या काचा चोरीन काहून? बापानं आपल्या हातानं देल्ल्या. मले एकच पाहिजे होती, तेबी एका दिवसापुरती. एकशे बारा नंबर. त्याच्यात माही दादी हाय. उभ्या जन्मात तिनं एकदाच फोटो काढू देल्ला. तवा छापाचा कागद संपला होता. कागद येईपर्यंत दादी गेली. मंग दादाच्यानं तो छापवला नाई. आमच्या घरात तिले कोनीच पाह्यलं नाई साहेब. माह्या बापानंबी नाई, तो पाळन्यात होता."

मी विचारलं, छापलाच नाही तर नंबर कसा ठाऊक? तो म्हणाला, "दादाची नोंदवही माह्यापाशी हाय, उर्दूत. आन काचेवर नंबर हिरकनीनं कोरेल राह्यते, कोपऱ्यात. काच फुटंल, पन नंबर जानार नाई." हिरकणी म्हणजे काच कापायचं हत्यार. मी तेवढं जबाबात लिहून घेतलं. लिहिताना त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुरवणी पंचनाम्यासाठी वाचनालयात गेलो. सचिव यायचे होते, म्हणून हॉलमध्ये बसलो. हॉल नुकताच रंगवलेला. भिंतीवर माजी अध्यक्ष आणि देणगीदारांच्या वीस-बावीस तसबिरी, सगळ्या एका मापाच्या, सगळ्या नव्या चौकटीत. खिडकीतून ऊन येत होतं. एका तसबिरीच्या काचेवर कोपऱ्यात बारीक रेघा चमकल्या. मी उठून बोट फिरवलं. रेघा काचेत कोरलेल्या होत्या. शेजारच्या तसबिरीवर पाहिलं, तिथंही. काच जाड होती आणि तिच्यात कुठं कुठं बुडबुडे होते. आजच्या काचेत असे बुडबुडे येत नाहीत.

चाचाचं हिरकणीचं बोलणं आठवलं. मी हवालदाराला म्हटलं, गाडी घेऊन जा, चाचाला नोंदवहीसकट आण. उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर पंच म्हणून बोलावले.

चाचा चष्मा पुसून काचेवरचे उर्दू आकडे वाचत गेला आणि मास्तर वहीतली नोंद वाचत गेले.

"चौऱ्याऐंशी."

"इंझोरीचे कुंभार, चाकासह."

"एक्यान्नव."

"शिरपूरच्या मंदिरासमोर गाड्यांची रांग."

"शंभरावर तीन."

"आसेगाव शाळा, सगळी मुलं, मास्तर बसलेले."

तसबिरीत मात्र कुंभार नव्हते, गाड्या नव्हत्या, मुलं नव्हती. फेटा बांधलेले माजी अध्यक्ष होते. हार घातलेले देणगीदार होते. काचा धुऊन पुसून लखलखीत केलेल्या होत्या. दाराजवळ उभ्या असलेल्या ग्रंथपाल बाईंनी तोंडाला पदर लावला. त्या काही दिवसांपूर्वीच रुजू झाल्या होत्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

दाराशेजारच्या शेवटच्या तसबिरीपुढं चाचा थांबला. त्यानं नंबर वाचला नाही. मास्तरांनी मागून वाकून पाहिलं आणि वहीचं पान उलटलं. "एकशे बारा," ते हळूच म्हणाले. "घरचे."

चौकटीत गॉगल लावलेला एक देणगीदार हसत होता. चाचानं त्याच्याकडं बोट केलं. मग मला म्हणाला, "साहेब, दादीच्या जागी हा कोन बसला?"

मी त्या तसबिरी बांधणाऱ्याला बोलावणं धाडलं.

फ्रेमवाला आला, बिचारा न लपवता बोलला. "सचिवसाहेबानंच पेटी देल्ली. म्हने, जुन्या काळ्या काचा हायेत, धुऊन घे, फ्रेमले लाव. गरम पान्यात सोडा टाकला का वरचा थर सुटून येते. माहा बापबी जुन्या काचा अशाच लावे. सात-आठ धुतानी फुटल्या. रिकामी पेटी वापस देल्ली. मले कोनी इचारलंच नाई साहेब, नाईतं पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं."

सचिवांना समोर बसवलं. या वेळी चहा मागवला नाही. आधी त्यांनी नाही म्हटलं. मग मी स्टेशन डायरी उघडून त्यांच्यापुढं ठेवली. त्या निनावी फोनचा नंबर त्यांच्याच घरचा होता. तेव्हा माणूस खचला.

"सगळं काळंच होतं हो त्याच्यावर," ते म्हणाले. "काळी तोंडं, पांढरे केस. मला वाटलं, खराब झालेल्या काचा आहेत. वाटलं, दोन्ही पेट्यांचे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन झालेत, आता ठेवून काय करायच्या. पाहुण्यांचं पत्र आलं तेव्हा चूक कळली. वाचनालयाची बदनामी झाली असती."

चूक मी समजू शकतो. निगेटिव्ह काय असतं हे न कळणारा माणूस मुख्याध्यापक होऊ शकतो, हेही मान्य करतो. मी विचारलं, "मग चूक झाली म्हणून सांगायचं होतं. चाचाचं नाव कशाला दिलं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं. म्हणाले, "मग कोणाचं नाव देऊ?"

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलो नाही. त्यात द्वेष नव्हता, राग नव्हता. बोलताना त्यांना लाजही वाटली नाही. ज्याच्या घरानं गावाला गावाचे चेहरे दिले, त्याचं नाव चोर म्हणून देणं त्यांना सोयीचं वाटलं, एवढंच. आणि ते नाव मी, सरकारचा पगार खाऊन, जसंच्या तसं उचललं.

चोरी झालीच नव्हती, तसा अहवाल न्यायालयात गेला. खोटी फिर्याद दिल्याबद्दल सचिवांवर कारवाईचा प्रस्ताव मी वर पाठवला. वरून फोन आले. प्रतिष्ठित माणूस आहे, वयस्कर आहे, गैरसमज झाला आहे. दोन दिवस बाकड्यावर बसलेला माणूसही वयस्करच होता, असं मी म्हणालो. प्रस्ताव कुठल्या टेबलावर निजला ते मला निवृत्तीपर्यंत कळलं नाही. सचिवांनी चाचाची माफी मागितली नाही. वाचनालयाच्या बैठकीत 'गैरसमजातून झालेला प्रकार' असा ठराव झाला आणि त्याच बैठकीत अध्यक्षांचा सत्कारही झाला.

प्रदर्शन चार महिन्यांनी झालं. मी साध्या कपड्यात गेलो. पहिल्या पेटीतल्या काचा खालून दिवे लावून मांडल्या होत्या. लोक वाकून वाकून बघत होते. कुणी आपला वाडा ओळखत होतं, कुणी आपल्या आज्याचं नाक. न्यायालयातून मुद्देमाल परत आल्यावर ग्रंथपाल बाईंनी एक गोष्ट हट्टानं केली होती. समितीचा विरोध मोडून सगळ्यांच्या मधोमध एक कोरी काच मांडली होती. खाली उजेड, वर काहीच नाही. शेजारी नोंदवहीचं पान आणि मराठीत दोन ओळी: 'क्रमांक एकशे बारा. घरचे. ही काच या वाचनालयानं धुऊन टाकली.'

चाचा त्या काचेपाशी स्टूल घेऊन बसला होता. येणारा विचारायचा, यात तर काहीच नाही? तो प्रत्येकाला सांगायचा, "हाय नं. माही दादी हाय. आता दिसत नाई." एवढंच बोलायचा. सचिवांचं नाव नाही, माझंही नाही.

मला पाहिल्यावर तो उठला. शेजारच्या लोकांना म्हणाला, "हे आपले ठाणेदार साहेब. ह्यायनंच माही दादी शोधून देल्ली."

लोकांनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. मी कुणाला खरं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. त्यानंतर नोकरीत जेवढे दिवस उरले तेवढ्यात कुणी फिर्यादीबरोबर नाव आणलं की मी ते आधी बाजूला ठेवायचो आणि वस्तू शेवटची कुणाच्या हातात होती ते विचारायचो. फाटकाजवळचं ते बाकडं मी आत हलवून घेतलं. आता भरतीच्या नव्या पोरांना शिकवायला बोलावतात तेव्हा हे सगळं सांगतो, आणि ती माना डोलावतात. पण चाचानं मला माफ केलं की लोकांपुढं माझी अब्रू राखली, हे मला त्या दिवशी विचारता आलं नाही. मी त्या कोऱ्या काचेवर वाकलो, तेव्हा तिच्यात मला माझंच तोंड दिसलं, आणि चाचा मागून म्हणाला, "सरका साहेब जरासे, मागच्याईले पाहू द्या."