बावीसचा आकडा आणि उकळत्या आमटीचा डबा

"टीएसएच बाईस है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, शंभरपैकी बावीस. चला, तेवढे तरी मिळाले, असं मनात आलं. इतकी मी तेव्हा थकलेली होते.

टीएसएच म्हणजे थायरॉइड स्टिम्युलेटिंग हार्मोन. गळ्यापाशी थायरॉइड नावाची ग्रंथी असते, शरीराचं सगळं काम कोणत्या वेगाने चालायचं ते ती ठरवते. ती मंदावली की मेंदू तिला हाका मारतो, आणि ती हाक म्हणजे टीएसएच. माझा मेंदू बिचारा ओरडत होता आणि ग्रंथी ढिम्म हलत नव्हती. या आजाराला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. पाचाच्या आत असायला हवा तो आकडा माझा बावीस होता.

मग त्या म्हणाल्या, "दोनदा दिवस राहिले आणि टिकले नाहीत ना? त्यामागे हेही कारण असू शकतं." त्या हिंदीत बोलायच्या, मी मराठीत सांगते. त्याला काही कारण असू शकतं, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथेच रडायला लागले. माझा नवरा दिलीप शेजारी बसला होता. त्याला रुमाल सापडेना, म्हणून त्याने हातातला ओपीडीचा कागदच पुढे केला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या सोसायटीत राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. मेट्रो अजून यायची होती, पाणी टँकरने यायचं आणि शहरातला रिक्षावाला द्वारकेचं नाव काढलं की मान फिरवून निघून जायचा. दिलीप कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कचेरीत होता. मुलगी गार्गी सात वर्षांची. आम्हाला दुसरं मूल हवं होतं. मला तर फारच हवं होतं, दिसेल त्या लहान बाळाकडे मी बघत बसायचे.

आजार एकदम येत नाही हो. आधी केस गळायला लागले, ते दिल्लीच्या खाऱ्या पाण्यावर ढकलले. मग वजन वाढलं, ते सासूबाईंनी माझ्या आळसावर ढकललं. मे महिन्यात सगळे घामाने निथळत असताना मी पंखा बंद करायला सांगायचे. भाजी चिरता चिरता डोळे मिटायचे. "तू जरा मनावर घे, यार," दिलीप म्हणायचा. मन कुठे ठेवलंय तेच आठवत नव्हतं, घेणार कुठून!

गोळी सुरू झाली. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना आधीच सांगते, आजारापेक्षा तो अर्धा तास जड जातो. दर सहा आठवड्यांनी रक्त द्यायचं, रिपोर्ट घ्यायचा, बाकावर बसायचं. त्या बाकावर मी इतके तास काढलेत की समोरच्या भिंतीचे पोपडे मला तोंडपाठ होते.

दुसऱ्या तपासणीत अँटीबॉडीज सापडल्या. म्हणजे आपलंच शरीर आपल्याच ग्रंथीवर उठलेलं. "पण का?" मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आईला होतं का, बहिणीला आहे का, मीठ कोणतं वापरता, घरात कीटकनाशक किती मारता, असं विचारत विचारत त्या स्वयंपाकघरात शिरल्या. गरम पदार्थ कशात ठेवता?

 दिलीपच म्हणाला, "प्लास्टिकमध्ये. ही विकते ना ते डबे."

हो, विकायचे. त्या काळी नव्या वसाहतींमधून बायकांच्या घरी जमून हवाबंद डबे विकायचा धंदा जोरात होता. मी त्यात पटाईत होते. माझा एक खास प्रयोग होता. यजमानीणबाईंच्या गॅसवर आमटी उकळायची, उकळती असतानाच डब्यात ओतायची, झाकण दाबायचं आणि डबा थेट त्यांच्या पांढऱ्या चादरीवर उलटा करायचा. थेंब गळायचा नाही. बायका टाळ्या वाजवायच्या. पंजाबी शेजारणी तर "वाह जी वाह" म्हणत जागेवर ऑर्डर द्यायच्या. मग ती आमटी टाकायची कशाला, म्हणून मी घरी आणायचे आणि आम्ही तीच जेवायचो. दिलीपचा ऑफिसचा डबा, गार्गीचा शाळेचा डबा, माझी मुरंबे-लोणची, सगळं त्यात. स्टीलचे डबे मीच माळ्यावर टाकले होते, जुनाट दिसतात म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा एक शब्द सांगितला, एंडोक्राइन डिसरप्टर. हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारी रसायनं. काही प्लास्टिकमधून गरम अन्नात उतरतात, काही कीटकनाशकांतून येतात, काही सौंदर्यप्रसाधनांतून. घरी येताना बसमध्ये दिलीपने ते मला त्याच्या भाषेत समजावलं. साहेब रजेवर आहेत, त्यांची खुर्ची रिकामी बघून भलताच कुणी येऊन बसतो आणि फायलींवर सह्या ठोकतो, तसं. खालच्या माणसाला काय कळणार, तो हुकूम पाळत राहतो.

"पण तुमचा आजार डब्यांमुळेच झाला, असं मी म्हणत नाहीये," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "सगळं प्लास्टिक सारखं नसतं. कशात काय घालतात ते आम्हालाही अजून पुरतं माहीत नाही. पण गरम अन्न स्टीलमध्ये ठेवायला पुरावा कशाला हवा?"

मी मात्र दोषी शोधत होते आणि तो मला सापडला. दोन दिवस हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की तो दोषी घरात मीच आणला होता, टाळ्या घेत. त्या दोन न जन्मलेल्या बाळांची नावंसुद्धा मी मनात ठेवली होती. मी स्वतःला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आणि नुसतं घरात असतं तरी ठीक होतं. त्या वर्षीच्या संक्रांतीला सोसायटीच्या हॉलमध्ये आमचं मराठी बायकांचं हळदीकुंकू झालं होतं. वाण म्हणून लोक वाट्या, गाळण्या, कुंकवाचे करंडे देतात. मी ऐटीत झाकणाचे डबे लुटले होते. चाळीस बायका. "गरम आमटी बिनधास्त भरा हं," असं प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावताना सांगितलं होतं. अरे देवा!

त्यांतली नीलिमा आमच्याच जिन्यात, खालच्या मजल्यावर राहायची. नागपूरची, पंचवीस-सव्वीसची, आणि मला हे कळलं तेव्हा तिला पाचवा महिना होता. मला तिचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू, तिचं पोट दिसू नये म्हणून मी जिना उतरायची वेळ बदलली होती. तीन आठवडे मी काही बोलले नाही. सांगावं तर ती घाबरेल, न सांगावं तर... आणि मनाच्या एका कोपऱ्यात आणखी काहीतरी होतं, ते लिहायलाही लाज वाटते. माझं टिकलं नाही, हिचं बरं टिकतंय.

हे मनात आलेलं ज्या दिवशी मला कळलं, त्याच दिवशी तिच्याकडे गेले. ती त्याच डब्यातून वाफाळता उपमा खात होती.

मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, "ताई, काहीही काय!" मग चेहरा उतरला. "तुम्हाला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे? आणि तुम्ही आज सांगताय? माझ्या बाळाला काही झालं असतं तर?" ती उभीच राहिली. "बिल्कुल बोलू नका माझ्याशी."

मी तिला डॉक्टरीणबाईंचं वाक्य सांगायला गेले, की खात्रीने काही सांगता येत नाही. तिने दार लावून घेतलं. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. उरलेल्या एकोणचाळीस जणींना मी फोन केले. बहुतेकींनी हसण्यावारी नेलं. एक म्हणाली, "अगं, मी त्यात सुया-दोरे ठेवते." धंदा सोडला. धंद्यात माझ्या वर असलेल्या मॅडमनी मला आजारपणात डोक्यावर परिणाम झालाय असं ठरवून टाकलं.

नीलिमाला वेळेवर मुलगी झाली, धट्टीकट्टी. ती पुढे बोलायला लागली, पण पूर्वीसारखी नाही. ते मी स्वीकारलंय.

माझा आकडा उतरत गेला. बावीसचे अकरा, अकराचे सहा, सहाचे अडीच. केस गळायचे थांबले, पंखा सहन व्हायला लागला. सगळे म्हणाले, आता होईलच. दोन वर्षं वाट पाहिली. काही झालं नाही.

मग एक दिवस मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "मॅडम, माझ्यामुळे झालं का हे सगळं? डब्यांमुळे?"

त्यांनी माझी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "मुझे नहीं पता. खरंच माहीत नाही. आणि जे तुम्हाला खात्रीने हो किंवा नाही सांगतील, त्यांनाही माहीत नाही."

लोक धीर देतात, नाहीतर दोष देतात. खरं सांगणारं माणूस मला त्या सगळ्या वर्षांत हे एकच भेटलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्ही कुणी त्या बाकावर बसला असाल, तर एवढंच सांगते. टीएसएच वेळेवर तपासा, गोळी चुकवू नका, गरम काही प्लास्टिकमध्ये घालू नका. आणि रोज स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. मी केलं, त्याने आकडा खाली आला नाही.

जाताना त्यांनी मूल होण्यासाठीच्या उपचारांच्या एका केंद्राची चिठ्ठी दिली. ठरवा म्हणाल्या. बाहेर रस्त्यावर दिलीप किती रजा शिल्लक आहे ते मोजायला लागला.

"दिलीप, मला आता नकोय," मी म्हटलं. "हवं होतं रे. फार हवं होतं. आता नकोय. मी दमले."

तो रजा मोजायचा थांबला. "दर महिन्याला तुझ्या तोंडाकडे बघायची मला भीती वाटायची," तो म्हणाला आणि रस्त्याकडे तोंड करून डोळे पुसू लागला. रुमाल त्या दिवशीही नव्हता. तीन रिक्षा समोरून गेल्या, आम्ही एकीलाही हात केला नाही.

घरी आल्यावर गार्गीला समोर बसवून सांगितलं की बाळ येणार नाही. ती आता दहा वर्षांची होती. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग बाबाकडे. मग हळूच म्हणाली, "पक्का? मग ती छोटी खोली माझी होऊ शकते?"

आमच्या घरात एक छोटी खोली होती. आल्यापासून तिला आम्ही पिवळा रंग देऊन बंद ठेवलं होतं, आणि ती कुणाची ते कधी कुणी बोललं नव्हतं. पोरीला सगळं माहीत होतं. पाच वर्षं तिने एकदाही मागितली नव्हती.

"तुझीच," मी म्हटलं.

ती धावतच पुस्तकं आणायला गेली. मी सतरंजी घेऊन तिच्या मागे गेले, खिडकी उघडली आणि तिथेच जमिनीवर आडवी झाले. ती कपाट लावत होती, मधूनमधून काहीतरी विचारत होती. मी हो, हो म्हणत होते. कधी गाढ झोप लागली, कळलंच नाही.