आधी सासऱ्यांची साइट

मुलांनो, तुम्ही माझी पत्रं ज्या वेबसाइटवर वाचता, ती इंदापुरातला एक माणूस सांभाळतो. बोलताना तो समोरच्याकडे कधी पाहत नाही, स्क्रीनकडे पाहूनच हसतो. गेल्या महिन्यात त्याने सगळ्या साइट सामाईक होस्टिंगवरून स्वतंत्र सर्व्हरवर हलवायला काढल्या.

"आजी, एका विहिरीवर चाळीस जणांच्या मोटरी हायत. आता आपली सोताची विहीर."

"आणि माझी अकरा वर्षांची पत्रं हरवली तर?"

"न्हाय हरवत. आधी सासऱ्यांच्या मंगल कार्यालयाची साइट हलवतो. बिघडलं तर घरातल्या घरात."

बिघडलंच. उतरवून ठेवलेली प्रत उघडेचना, कार्यालयाचे सगळे फोटो गेले. त्याने चूक शोधून काढली आणि मग माझी पत्रं स्वल्पविरामासकट सुखरूप नेली. मी त्याच्या दुकानातच बसले होते, तेवढ्यात सासरेच दारात उभे राहिले.

"काय पाव्हणं, आमचं कार्यालय कुठं गेलं?"

"मामा, या आजींनी घाई केली, त्यात तुमचं पुसलं गेलं," तो स्क्रीनला म्हणाला.

सासरे माझ्याकडे वळले. खोटं बोललात म्हणून तुमचे कान मीच पिळले आहेत.

"हो, चूक माझीच," मी म्हणाले. कुणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगायचं.