चुन्याच्या भिंती

अख्ख्या नागपुरात, नसलेल्या भिंतीवर कपाळ आपटून घेणारा एकच माणूस होऊन गेला, आणि ते माझे मावसाजी होते. माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. महालात त्यांचं तीन खोल्यांचं कौलारू घर होतं, आणि कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला उतरवणारा हा माणूस घरी आला की स्वतःच्या डोक्याने घर बदलायला बसायचा. कागदावर नव्हे. चुन्याची वाटी घेऊन उकिडवं बसायचं आणि घरात-अंगणात सारवलेल्या जमिनीवर नव्या भिंती ओढायच्या. एवढ्यावर भागलं असतं तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण त्यांचा कायदा असा, की महिनाभर घरादाराने त्या भिंती खऱ्या मानून राहायचं. रेघेत जिथे मोकळी जागा सोडली असेल ते दार, आणि जाणं-येणं तिथूनच. मी मास्तरकीसाठी नागपुरात आलो तेव्हा पहिल्याच रविवारी अंगण ओलांडून सरळ ओसरीकडे निघालो, तर आतून गर्जना झाली, "काहून गा, भिंतीतून घुसून राहिला? दार दिसत नाही काय?" मी घाबरून मागे सरलो, दार शोधलं आणि त्यातून आत गेलो. एकदा तर भरली कळशी घेऊन येताना ते स्वतःच विसरले, रेघेपाशी दचकून थांबले, कळशी खाली ठेवली आणि कपाळ चोळत म्हणाले, "हे भिंत हलवा लागन." मावशीने मुकाट्याने हळद आणून दिली.

त्यांच्या कोटाच्या खिशात कायम गाठी मारलेली एक सुतळी असायची. दोन गाठींमध्ये बरोबर एक हात. लग्नाच्या पंगतीत लोक जिलब्या मोजत, तर मावसाजी यजमानाच्या खिडक्या मोजत. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे येईपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. मुलगी चहा घेऊन आली ती दारातच थांबली, कारण दाराच्या चौकटीला सुतळी लावून हे उभे! घरी परतताना सगळ्यांनी त्यांचं मत विचारलं. "पोरगी लाख हाये," ते म्हणाले, "पण चौकट दीड बोट वाकडी हाये." माझं लग्न तिथेच झालं, आणि वर्षभरात सासऱ्यांनी चौकटही बदलली, हे मी मुद्दाम सांगितलं पाहिजे.

नकाशे काढणाऱ्या माणसांचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. कोणी सुचवलं, की एवढा खटाटोप करता तर एखाद्या जाणत्याला बोलवा, की ते म्हणायचे, "डॉक्टर कवा बोलवाचा? आपल्याले आपलं दुखणं समजत नाही तवा. मले तं माह्या घराचं दुखणं तोंडपाठ हाये!"

घराचं दुखणं खरं म्हणजे एकच होतं, आणि ते मावशीच्या डोळ्यांत होतं. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. चुलीच्या धुराने तिचे डोळे सदा लाल असत, आणि आता तर तिला तांदळातला खडाही दिसेनासा झाला होता. वैद्यबुवांनी स्पष्ट बजावलं होतं, की असंच चाललं तर दृष्टी जाईल. मावसाजी हे ऐकून फार हलले. त्यांनी लगेच चुन्याची वाटी काढली. तीन महिने नकाशे झाले, पुसले, पुन्हा झाले. शेवटी कुहीहून मिस्त्री आला, मावसाजींनी भिंतीला पाठ लावून, हात वर करून "इथं" म्हणून दाखवलं आणि चार दिवसांत खिडकी झाली. शिसवी गज, वर कमान, सगळं देखणं. फक्त मावसाजी सहा फूट उंच होते आणि मावशी पाटावर बसून स्वयंपाक करायची. जमिनीवरच्या नकाशात उंची नावाची गोष्टच नव्हती! त्यात ती खिडकी पश्चिमेची. संध्याकाळी वरून वारा आत घुसायचा आणि धुराला खाली दाबून बरोबर मावशीच्या तोंडावर आणून सोडायचा. पूर्वी ती डोळे पुसायची, आता तिला ते उघडता येईनात.

मावशीने आठ दिवस तसाच स्वयंपाक केला. नवव्या दिवशी सकाळी तिने शेगडी पेटवली, चिमट्याने धरून अंगणात आणली आणि मावसाजींनी चुन्याने आखलेल्या नव्या बैठकीच्या ऐन मधोमध मांडली. आत शिरली तीसुद्धा दारातूनच. अख्खी गल्ली पाहत होती. मावसाजी धावत आले.

"अवं, हे काय करून राहिली?"

"तुमच्याच घरात सैपाक करून राहिली," मावशी पोळी लाटत म्हणाली. "या घरात धूर होत नाही."

मावसाजी तसेच मागे फिरले. कोट चढवला, टांगा केला आणि थेट कामठीला गेले. तिथल्या छावणीत जन्मभर बराकी बांधून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसियरांना घेऊनच परतले.

मला वाटलं होतं, आता टेप निघेल, कागद निघतील. ओव्हरसियरांनी काहीच काढलं नाही. त्यांनी मावशीला चुलीपाशी बसायला सांगितलं आणि इस्त्रीच्या पाटलोणीसकट स्वतः तिच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "बाई, इथं बसल्या बसल्या तुम्हाले काय दिसलं पाहिजे?"

मावशी गोंधळली. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. पदराशी चाळा करत म्हणाली, "आंगण. हे कचेरीतून येतानी दिसले, तं पोळी तव्यावर टाकता येईन."

मावसाजी दारात उभे होते. हातातल्या सुतळीची एक गाठ सोडवत आणि पुन्हा मारत राहिले. पश्चिमेची खिडकी बुजवायची, खालून वारा यावा म्हणून अंगणाच्या बाजूला बैठी खिडकी, धूर जावा म्हणून कौलात धुराडं, असं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात मावशीने चुलीपाशी बसून तांदूळ निवडले. मावसाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "नकाशेवाला भिंत फोडाच्या आधी बोलवाचा असते गा. एवढे वर्स मी घर मोजलं, पण हिले बसवून मोजलंच नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी शेवटचा नकाशा काढला. त्या बैठ्या खिडकीच्या बाहेर, अंगणात, चार हात लांब आणि तीन हात रुंद. "माही खोली," म्हणाले. ती बांधायची त्यांनी कधी घाई केली नाही. चुन्याच्या चौकटीत खुर्ची टाकून बसत, खिडकीतून गरम पोळी येई आणि दोघांच्या गप्पा चालत.

मावसाजी जाऊन आता चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन मी गेलो. मावशीला आवाज देत, घाईत अंगण ओलांडून सरळ त्या खिडकीपाशी पोचलो. खाली पाहिलं तर पायाशी रेघ होती. ताज्या चुन्याची.

"काहून गा," खिडकीतून मावशी म्हणाली, "भिंतीतून आला?"

मी मागे सरलो, वळसा घातला आणि दारातून आत गेलो. तिथे त्यांची खुर्ची होती. मी उभाच राहिलो. मावशीने तव्यावर पोळी टाकली आणि म्हणाली, "बस नं. त्याहीनं कोणाले नाही म्हटलं नसतं."