फिजिक्स एस्थरकडे

पेणच्या कॉलेजात १९७८ साली बारावी सायन्सला दोनच मुली होत्या. मिठागरावर राबणाऱ्या काळुरामची पुतळी आणि बाजारात तेलाचं दुकान असलेल्या, ज्यू हासाजींची एस्थर. दोघींनी अभ्यास वाटून घेतला होता. गणितं पुतळीने सोडवायची, फिजिक्स एस्थरने समजावायचं. दुकानामागच्या पडवीत पालथ्या डब्यावर वह्या पसरून त्या जुने पेपर सोडवत. इंटिग्रेशनचं गणित पुतळी बोलता बोलता संपवी. पण प्रिझममधला किरण नेमका कुठे वाकतो, हे एस्थरने कागदावर बोट ओढून दाखवल्याशिवाय तिच्या डोक्यात उतरत नसे.

डिसेंबरात हासाजींचं इस्रायलला जायचं ठरलं. अख्खं घर निघालं.

"परीक्षा तरी देऊन जा," पुतळी म्हणाली.

"बाबांनी तिकिटं काढली गो. माझं कोण ऐकतंय?"

मार्चमध्ये पुतळी एकटीच परीक्षेला बसली. गणितात ब्याण्णव पडले, फिजिक्समध्ये जेमतेम पास. पुढे शिकायचं नाव काढण्याआधीच तिचं लग्न ठरलं. नवरा जगन धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा, म्हणून बिऱ्हाड रोह्याला. काही वर्षांनी तिथल्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. ब्युरेट धुवायच्या, प्रॅक्टिकलची टेबलं मांडायची.

लग्न झाल्यापासून दर मार्चमध्ये ती कुणातरी विद्यार्थ्याकडून बारावीचे पेपर मागून घेई. गणित सगळं सोडवी, फिजिक्समध्ये अडे ते प्रश्न एस्थरला लिहून पाठवी. पहिली तीन वर्षं उत्तरं आली, आकृत्यांसकट. मग नुसतीच खुशाली आली. मग तीही येईना. पुतळी तरी पाठवत राहिली. पोस्टमन दारावरून पुढे गेला की तिचा दिवस उगाच लांबे. पुढे तिने पोस्टात टाकणं सोडलं. कागदाच्या वर मात्र ती लिहायचीच, 'एस्थर, हे बघ.'

२००४ साली आजोबांची कबर पाहायला एस्थर पेणला आली आणि विचारत विचारत रोह्याच्या प्रयोगशाळेत पोचली. केस पिकलेले, बोली तशीच.

"माझी पत्रं मिळत नव्हती काय?" पुतळीने विचारलं.

"सगळी मिळाली. मी कारखान्यात डबे भरायला लागले होते. तुझे प्रश्न मलाच कळेनासे झाले. लाज वाटली गो, काय लिहू?"

"कळत नाय, इतकंच लिहायचंस. मला तेवढं पुरलं असतं."

 एस्थरने टेबलावरचा जुना पेपर ओढला आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं. "हा सांग मला."

लंबकाचा प्रश्न होता. पुतळीने समजावला. मध्येच एस्थर ऐकायचं सोडून तिच्या तोंडाकडेच बघत राहिली. तासाभरात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नवीन पत्ता देऊन एस्थर म्हणाली, "यंदाचा पेपर पाठवशील?"

"व्हय, पाठवीन."

त्या मार्चमध्ये पुतळीने पेपर आणला. फिजिक्सही शेवटपर्यंत सुटलं, कुठेच अडलं नाही. तिने तो दोनदा तपासला. विचारावं असं काही सापडेना. मग तिने तब्येतीची चौकशी केली, आपल्या मुलीच्या बाळंतपणाचं लिहिलं आणि पेपर आत न घालताच पाकीट बंद केलं.