पासवर्ड कोणालाही सांगू नये

वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या संगणक केंद्रात मी गेली तेरा वर्षं नोकरी करते आहे. कॉलेजला संशोधन केंद्राची मान्यता मिळाली तेव्हा एक मोठा सर्व्हर आला आणि तो सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पीएचडी करणारी मुलं, प्राध्यापक, सगळे आपापल्या टेबलावरून त्याला काम देतात आणि तो ते तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस करत राहतो. गावातल्या सामाईक विहिरीसारखं त्याचं झालं. पाणी सगळ्यांना पाहिजे, गाळ काढायला कोणी नाही.

पहिल्या वर्षीच मी त्याच्या वापराचे नियम इंग्रजीत लिहिले. कोणी वाचले नाहीत. मग मराठीत लिहिले, मोठ्या अक्षरात छापून दारावर लावले. आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये. मोठं काम सुरू करण्याआधी वहीत नोंद करावी. लांबलचक काम असेल तर मधला निकाल साठवत जावा, म्हणजे बंद पडलं तर तिथून पुढे चालू करता येतं. घरगुती फाइली ठेवू नयेत. बोर्ड लावला त्याच दिवशी एका प्राध्यापकांनी तो शांतपणे वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, 'सांगू नये' म्हणजे सांगतलं तर चालते ना?"

ते गंमत करत नव्हते.

जागा भरली म्हणून एकदा मी डिस्क तपासायला बसले, तर एका फोल्डरमध्ये लग्नाचा व्हिडिओ निघाला. ड्रोनवरून काढलेला, आणि त्याच्या तीन प्रती. ज्यांचा होता त्यांना फोन केला तर म्हणाले, "घरच्या लॅपटॉपमध्ये मावत नव्हता. तुमच्याकडे जागा रिकामी पडून राह्यली होती, म्हणून ठेवला." त्या आठवड्यात चार विद्यार्थ्यांची कामं जागा नाही म्हणून बंद पडली होती. मी ते सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मग एक प्रत काढून टाका."

संगणकशास्त्राच्या विभागप्रमुखांचं तर काही विचारूच नका. त्यांचा पासवर्ड त्यांच्या विभागात सगळ्यांना पाठ होता. कारकुनाला, तीन विद्यार्थ्यांना, प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला. त्यांच्या नावानं कोणतं काम कोण चालवतंय हे त्यांनाही सांगता येत नसे. मी तीनदा लेखी कळवलं, दोनदा समोर जाऊन सांगितलं. ते हसून म्हणत, "अहो मॅडम, घरचीच माणसं आहेत सगळी." आणि संगणक वापराच्या समितीचे अध्यक्षही तेच.

हे सगळं सांगायचं कारण असं, की गेल्या वर्षी जो घोळ झाला तो यांच्यापैकी कोणी केला नाही. मी केला.

आमच्याकडे आर्वीची एक मुलगी पीएचडी करत होती. कपाशीच्या बोंडांचे फोटो पाहून आत बोंडअळी आहे की नाही हे संगणकानं ओळखावं, असं तिचं काम. फोटो तिनं स्वतः शेतोशेती फिरून काढलेले. नियम पाळणारी म्हणून बोट दाखवायला माझ्याकडे तीच एक होती. वहीत नोंद करायची, काम झालं की जागा मोकळी करायची. तिचं काम मात्र दर वेळी दुसऱ्याच कोणाच्या तरी कामामुळे अडायचं. "मॅडम, माह्यं काम तिसऱ्यांदा बंद पडलं. मी काय करू आता?" असं ती विचारायची तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी मी रजेवर होते. माझ्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आईला आत नेलं होतं आणि मी बाहेर बाकावर तिची चप्पल पिशवीत घालून बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. फोन वाजला. तीच होती.

"मॅडम, सर्व्हर हलूनच नाई राह्यला. कोणाचं तरी काम अडकून पडलंय. उद्या मले मार्गदर्शकांसमोर निकाल दाखवायचे आहेत."

"कोणाच्या नावानं आहे?"

"विभागप्रमुखांच्या."

मला इतका संताप आला की बाकावरून उठूनच उभी राहिले. माझ्या जागी बदली माणूस नव्हता. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, ज्यानं कोणाचंही काम थांबवता येतं, तो माझ्या एकटीकडे होता. खरं तर मी तिला सांगायला हवं होतं की मी संध्याकाळी येते. तेवढ्यात नर्सनं दार उघडून आईचं नाव घेतलं आणि नातेवाइकांना आत बोलावलं.

मी फोनवरच तिला पासवर्ड सांगितला. एकेक अक्षर, सावकाश, दोनदा. "जे काम सगळ्यात जास्त जागा खाऊन बसलंय ते बंद कर, आणि लगेच बाहेर पड. दुसरं काही करू नको," एवढं म्हणून मी आत पळाले.

आईचं ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा दाराशी भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक उभे होते. मितभाषी माणूस. मी देवळीहून येते, तेही त्याच बाजूचे, कधी कधी आम्ही एकाच बसनं यायचो. त्यांचं एक गणित अकरा दिवसांपासून सर्व्हरवर चालू होतं. आणखी दोन दिवसांत संपणार होतं.

"माह्यं काम बंद कसं पडलं?" त्यांनी विचारलं.

मी आत जाऊन सर्व्हरच्या नोंदी काढल्या. जास्त जागा खाणारी कामं दोन होती. एक विभागप्रमुखांच्या नावाचं, अडकलेलं. दुसरं यांचं, धडधाकट चाललेलं. दोन्हींत जास्त जागा यांच्या कामानं घेतली होती. मी सांगितलं तेच त्या मुलीनं तंतोतंत केलं होतं; कोणाचं काम बंद करायचं ते नाव मी घेतलंच नव्हतं. नोंदीत मात्र नाव माझं होतं.

"मधला निकाल साठवला होता का?" मी विचारलं. मनात कुठेतरी आशा होती.

"नाई," ते म्हणाले. "बोर्डावर लिहिलंय ते. वाचलं होतं मी."

त्या क्षणी मी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. "पाहते काय झालं ते," असं म्हटलं आणि टेबलावरचे कागद हलवत बसले. इतकी वर्षं ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्यांच्यात आणि माझ्यात त्या दिवशी काय फरक होता, ते मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशीही मी गप्प राहिले. त्यांनी मात्र रीतसर अर्ज दिला आणि समितीची बैठक लागली.

बैठकीच्या आधी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. लाईट गेली होती असं लिहून टाका. कोण पाहून राह्यलं?"

"सर, नोंदीत सगळं दिसतं. त्या दिवशी लाईट गेलीच नव्हती."

"अहो, नोंदी वाचता येतात कोणाले? तुम्हालेच ना?"

त्यांना खरंच मदत करायची होती, हे मला कळत होतं. त्याच मदतीचा मला मनस्वी वैताग आला. चहा तसाच ठेवून मी उठले.

बैठकीला पाच जण होते. प्राध्यापक माझ्या समोरच्या खुर्चीवर. मी उभी राहिले आणि सांगितलं की त्या दिवशी मी रजेवर होते, मुख्य पासवर्ड मी फोनवरून दुसऱ्या एका व्यक्तीला सांगितला, आणि तिनं जे केलं ते माझ्या सांगण्यावरून केलं. त्या व्यक्तीचं नाव मी देणार नाही, असंही म्हणाले.

"नाव देऊ नका," प्राध्यापक म्हणाले. "मले माहीत आहे. ती पोरगी त्याच दिवशी संध्याकाळी माह्या घरी येऊन गेली. रडत होती. म्हणे, सर, माह्या हातून झालं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिनं त्याच दिवशी सांगतलं. तुम्ही काऊन नाई सांगतलं?"

दाराशी मला विचारलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मी सांगते का, तेवढंच त्यांना पाहायचं होतं. आईचं ऑपरेशन, मार्गदर्शकांची बैठक, अडकलेलं काम, ही सगळी कारणं पासवर्ड देण्याची होती. गप्प बसण्याचं कारण एकच होतं, आणि ते सगळ्यांना दिसतच होतं. मी माफी मागितली. ते "बरं" म्हणाले आणि फाइल बंद केली.

मला लेखी ताकीद मिळाली. सर्व्हरचे अधिकार महिनाभर काढून घ्यावेत असं एका सदस्यानं सुचवलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ते अधिकार काढून घ्यायचे कसे, हे फक्त मलाच येतं. शेवटी ठरलं की गणित विभागातल्या एका शिक्षिकेला मी हे काम शिकवावं, म्हणजे मी नसले तरी कोणीतरी असेल. हीच मागणी मी चार वर्षांपासून लेखी करत होते. ती मंजूर व्हायला मला चूक करावी लागली.

मुलीला मी दुसऱ्या दिवशी भेटले. "सरांकडे जायच्या आधी मला सांगायचंस ना," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला स्वतःची लाज वाटली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही मना केलं असतं." खरं होतं. मी मना केलंच असतं.

प्राध्यापकांनी काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मधला निकाल रोज साठवत होते. सर्व्हर तेरा दिवस फक्त त्यांच्याचसाठी ठेवावा असा अर्ज मी माझ्या सहीनं दिला आणि तो मान्य झाला. त्यावर दोघातिघांनी कुरकुर केली. एकानं विचारलं, "त्यांच्यासाठी वेगळा नियम काऊन?" मी त्याला काय झालं ते सगळं सांगितलं. त्यात मला बरं वाटलं असं नाही, पण दर वेळी सांगताना माझी कारणं थोडी कमी होत गेली.

त्यांचं गणित सुटलं. त्यांनी मला ते कळवलं नाही. मला नोंदीवरून कळलं. बऱ्याच महिन्यांनी एके सकाळी देवळीच्या बसमध्ये ते चढले, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी पाहून तिथं बसले. वर्धा येईपर्यंत आम्ही सोयाबीनबद्दल बोललो.