आमेन म्हटल्याशिवाय घमेलं सोडायचं नाही

बोईसरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत काका आणि मी म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. काका तारापूरच्या वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये गेली, त्यामुळे कुठल्याही बटणाला हात लावायच्या आधी तीनदा विचार करायचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी सरावलीत कारखान्यातल्या मुलांसाठी खानावळ चालवते. विचार करत बसले तर माझी पोळी करपते. काका मंडळीतले वडील, म्हणजे पाळकांच्या खालोखाल ज्यांचं ऐकायचं ते. मी महिला मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे जिचं ऐकावंच लागतं ती.

आम्हा दोघांना एकाच कामाला जुंपलं ते मासवणकडच्या पाड्यावरच्या प्रार्थनाघरानं. तिथली आमची दहा-बारा घरं वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उपासनेला बसायची. पाड्यावरच्या मावशीनं आपल्या दारापुढची जागा दिली, भिंती उभ्या राहिल्या आणि काम स्लॅबपाशी येऊन अडलं. त्यात मावशीच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. नवरामुलगा वाणगावचा. त्याच्या वडिलांनी सरळ सांगितलं, स्लॅब टाकून झाला तर लग्न तुमच्याकडे, नाहीतर आमच्या मांडवात. बोलणं काही वावगं नव्हतं. पण मावशीच्या थोरल्या दोन्ही मुलींची लग्नं जागेअभावी सासरच्या दारीच लागली होती, आणि दोन्ही वेळा ही आई परक्या मांडवात पाहुणीसारखी कोपऱ्यात बसली होती.

"ही तरी माझ्या दारातून जावी," ती मला म्हणाली. "बाकी काय मागत नाय मी."

स्लॅब टाकल्यावर खालचे टेकू काढायला काही आठवडे जावे लागतात. त्यासाठी ठरवलेला मे महिन्यातला शनिवार हुकला असता, तर लग्नापर्यंत छत तयार होणं शक्यच नव्हतं. मिस्त्री आणि मिक्सरवाला तेवढे बाहेरचे, बाकी सगळं श्रमदान. मिक्सर संध्याकाळी दुसऱ्या कामावर जायचा होता. शिवाय स्लॅब एका दमात भरावा लागतो. मध्येच थांबलं की जोड राहतो, आणि पुढं पावसाळ्यात नेमकं तिथंच गळतं.

बोईसरहून आम्ही टेम्पो भरून निघालो तेव्हा माझं तोंड सुरू झालेलं होतं. पाड्यावर उतरले ती थेट मिक्सरपाशी. "भैया, चालू करो!" खडी, रेती, सिमेंट, पाणी, सगळं ड्रममध्ये पडलं आणि ड्रम गरगरायला लागला. तेवढ्यात टोपी काढून हातात धरत काका पुढं आले.

"ताई, प्रार्थनेशिवाय?"

पाळक त्या दिवशी दुसऱ्या गावी होते, त्यामुळे प्रार्थना काकांची. मिक्सरवाला उत्तरेकडचा सज्जन माणूस. देवाचं काही चाललंय असं दिसल्यावर त्यानं आदरानं मशीन बंद केलं आणि हात जोडले. काकांनी डोळे मिटले आणि बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून निघाले. नोहाच्या तारवापाशी मी एक डोळा उघडून ड्रमकडे पाहिलं. शलमोनाच्या मंदिरापाशी काकांनी लाकूड कुठलं, दगड कुठला याचीही आठवण काढली. ऊन चढत होतं. मिस्त्री चुळबुळ करत होता. पण प्रार्थना मध्येच तोडायची छाती एकाचीही होईना, माझीसुद्धा. शेवटच्या पुस्तकापर्यंत, प्रकटीकरणापर्यंत पोचून काका थांबले तोवर ड्रममधला माल घट्ट बसला होता. तो पहारीनं खरवडून काढावा लागला.

पाणी घालून प्रार्थनेला उभं राहायचं, ही चूक जगात फक्त आमचीच मंडळी करू शकते.

मग आमची जुंपली. "प्रार्थनेआधी पाणी घालायला कोणी सांगितलं होतं?" काका म्हणाले. "आणि सिमेंट भिजल्यावर अब्राहामाची वंशावळ कशाला हवी होती?" मी म्हणाले. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!" काका म्हणाले. त्यांच्या तोंडून म्हण बाहेर पडली म्हणजे राग टोकाला गेला, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं.

काम सुरू झालं, पण सुरळीत होईना. मिक्सरपासून परांचीवरून थेट छतापर्यंत माणसांची रांग, आणि घमेली हातोहात वर जायची. खाली मी "चला, चला!" म्हणून ओरडत होते. मध्यावर काका उभे. ते प्रत्येक घमेलं दोन्ही हातांनी नीट धरायचे, पुढच्याचे पाय बघायचे आणि "थांबा, थांबा" म्हणायचे. माझ्या बाजूची माणसं घाईनं घमेलं सोडून द्यायची, त्यांच्या बाजूची ते धरायला तयार नसायची. एक घमेलं दोघांच्या मधून निसटून खाली आदळलं. दुसरं एका बाईच्या पायाजवळ पडलं. थोडक्यात वाचली. रांग थांबली. वर छतावर मिस्त्री ओरडला, "माल सुकतोय, जोड राहील!"

मी मावशीकडे पाहिलं. ती रांगेतून बाहेर येऊन उभी होती. रडत नव्हती. ती आम्हा दोघांवर चिडली होती.

"तुमी दोगं बोईसरला जाऊन भांडा," ती म्हणाली. "इथं आता माझं ऐका. देणाऱ्यानं म्हणायचं, घे. घेणाऱ्यानं घट्ट धरलं की म्हणायचं, आमेन. आमेन ऐकल्याबिगर सोडायचं नाय. ऐकल्यावर धरून ठेवायचं नाय."

काकांचा चेहरा पडला. "मावशी, पवित्र शब्द आहे तो. खडी-सिमेंटवर?"

"घर त्याचंच हाय ना? मंग?"

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं आता हे नाही म्हणणार, आणि नाही म्हणाले असते तर मी काय बोलले असते ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. "आमच्या कंट्रोल रूममध्ये असंच होतं," ते म्हणाले. "समोरच्यानं हुकूम परत म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं धरायचंच नाही." मग ते खाली येऊन रांगेत माझ्या पुढच्या जागी उभे राहिले आणि हात पुढं केले. "द्या ताई."

"घ्या."

"आमेन."

मी सोडलं. बस, तिथून रांग धावायला लागली. घे, आमेन. घे, आमेन. काकांना हवी ती खात्री एका शब्दात मिळत होती आणि मला हवा तो वेगही त्याच शब्दातून येत होता. पाड्यावरच्या माणसांनी त्याला ठेका दिला. आम्ही बोईसरवाले उपासनेत आमेन असं पुटपुटतो की शेजारच्याला ऐकू जाऊ नये. पाड्यावरच्यांचं आमेन डोंगराला ऐकू जातं. दुपारनंतर आमचंही जायला लागलं. मिक्सरवाला ड्रम उलटताना "आमेन, भाभी, जल्दी!" म्हणायला लागला. एकदा मीच घाईत आमेन न ऐकता सोडायला निघाले, तर काका शांतपणे म्हणाले, "ऐकलंत का?" मी धरून ठेवलं. रागसुद्धा आला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

उन्हं कलायला लागली आणि वरून मिस्त्रीनं हाक दिली, "झालं! बास!" जोड नाही, भेग नाही. सगळा स्लॅब एकसंध. काकांनी टोपी हवेत उडवली. होय, काकांनी! मी ओरडले, हसले आणि सिमेंटच्या हातांनी डोळे पुसून सगळं तोंड माखून घेतलं. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या घरभरणीलाही झाला नव्हता.

मावशीनं हात धुतले, पदर सारखा केला आणि सुनेला फोन लावायला सांगितला. पलीकडे वाणगावचे व्याही होते. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"व्याही, सलाम. वऱ्हाड घेऊन आमच्याकडं या. या टायमाला पाहुणे तुमी."