कंपनीला हवा होता खेड्यातला माणूस

अक्कलकुव्यात हायवेला लागून मकराणींचं ताडपत्रीचं दुकान आहे. ट्रकवाल्यांना ताडपत्री आणि दोर, डोंगरातल्या लोकांना छपरावर टाकायला प्लास्टिक, एवढाच माल. दुकान धाकटा अरबाज सांभाळतो. थोरला अनीस वरच्या खोलीत दार लावून बसायचा. तो पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सिनिअर इंजिनिअर होता. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही, आणि काम होत राहिल्यामुळे कंपनीनेही त्याला बोलावलं नाही.

काम म्हणजे काय, हे विचारू नये. कंपनीचा क्लायंट युरोपातला एक बूटविक्या. त्याच्या कुठल्या दुकानात किती जोड शिल्लक आहेत याचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम अनीसच्या टीमच्या गळ्यात होता, आणि तो दर गुरुवारी दुपारी ठप्प व्हायचा. का व्हायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण दुरुस्त करायचा तर आधी तो बिघडलाय असं कबूल करावं लागणार, आणि ते कोणाच्याच सोयीचं नव्हतं. म्हणून गुरुवारी अनीस तो बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. आपली आईही मिक्सर अडला की हेच करते, पण तिला कोणी सिनिअर म्हणत नाही, असं त्याच्या मनात येई.

त्याला कंपनीतल्या कुठल्याच गोष्टीबद्दल आदर उरला नव्हता. सकाळी उभ्याने घ्यायची मीटिंग, जिच्यात सगळे बसलेले, निम्मे अंथरुणात. 'आपण एक कुटुंब आहोत' असं लिहिणारे साहेब, जे माणसांना 'रिसोर्स' म्हणत. कोणी रजेवर गेलं की 'रिसोर्स कमी पडतोय'. दर महिन्याला एकमेकांची पाठ थोपटणारे ईमेल. शुक्रवारी कॅमेऱ्यासमोर हसण्याचा व्यायाम. अनीस कॅमेरा बंद ठेवायचा आणि नेटवर्कचं कारण सांगायचा. खरं तर त्याच्या घरी फायबरची लाइन होती आणि ती पुण्यातल्या कित्येकांपेक्षा बरी चालायची. पण अक्कलकुवा म्हटलं की लोक हळहळत गप्प बसत, आणि या हळहळीचा त्याने भरपूर फायदा करून घेतला होता.

सगळ्यात जास्त तुच्छता त्याने राखून ठेवली होती ती मॅनेजरसाठी. हेमकांत पाटील. हा माणूस आठवड्याला एक रिपोर्ट बनवायचा, त्यात कामाची तब्येत रंगाने दाखवायची असे. हेमकांतचा रंग नेहमी हिरवा. प्रोग्राम पडलाय, हिरवा. क्लायंट शिव्या घालतोय, हिरवा.

"सर, पिवळा कधी टाकायचा?" अनीसने एकदा विचारलं.

"पिवळा टाकला की वरचे प्रश्न विचारतात."

"आणि लाल?"

"लाल आपल्याकडे कोणी टाकत नाही, अनीस. बी पॉझिटिव्ह."

हेमकांत मूळचा म्हसावदचा, शहादा तालुक्यातला. म्हणजे अनीसचा जवळजवळ गाववालाच. पण ऑफिसात तो 'आम्ही बेसिकली नाशिक साइडचे' असं सांगे. एकदा मीटिंगमध्ये म्यूट करायचं विसरला आणि सगळ्यांना त्याचं आईशी चाललेलं अहिराणी बोलणं ऐकू आलं, "हां माय, जेवी लिधं. मी मिटिंगमा शे."  दुसऱ्या दिवशी म्यूटचं बटण कसं वापरावं यावर हेमकांतची मेल आली.

एका जानेवारीत प्रसिद्धी विभागातल्या रुचिका नावाच्या बाईंचा अनीसला कॉल आला. कंपनी एक व्हिडिओ करत होती, खेड्यात राहून जगाचं काम करणाऱ्या इंजिनिअरवर. कर्मचाऱ्यांच्या यादीत गावांची नावं बघताना अक्कलकुवा तिच्या डोळ्यात भरलं होतं.

"कसलं ऑथेंटिक नाव आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे म्हैस आहे का?"

"नाही. ताडपत्री आहे."

"शेत?"

"शेत नाही. आमचं दुकान आहे, हायवेवर."

"काही हरकत नाही. तिथे आल्यावर बघू."

तारीख ठरली ती नेमकी गुरुवारची. अनीसने सांगून पाहिलं की गुरुवारी त्याला लॅपटॉपसमोरून हलता येत नाही. रुचिकाचा कॅमेरावाला मात्र गुरुवारीच मोकळा होता. हेमकांत म्हणाला, "त्या दिवशी मी बघतो ना. एक दिवस मी बॅकअप." अनीसला वाटलं, या माणसाला बंद-चालूचं बटण तरी माहीत असेल का. पण ते त्याने मनातच ठेवलं, कारण मनात ठेवणं हाच त्याचा कामाचा भाग झाला होता.

गुरुवारी सकाळी दुकानासमोर मोठी गाडी थांबली. रुचिका उतरली, कॅमेरावाला उतरला, आणि त्यांच्यामागून नवा खादीचा कुर्ता घालून बॅकअप उतरला.

"म्हटलं, लीडरशिपही फ्रेममध्ये हवी," हेमकांत म्हणाला. "लॅपटॉप आणलाय. काळजी करू नको."

अनीसच्या आईने, मेहरुन्निसाने, दोन दिवस आधीपासून घर घासलं होतं. पडदे बदलले होते. आयुष्याची उमेदीची वर्षं तिने मातीच्या जमिनीच्या घरात काढली होती. आता खाली पांढऱ्या टाइल्स होत्या आणि त्यांत तोंड दिसत होतं. बिर्याणीचा वास जिन्यापर्यंत आला होता. रुचिका सगळ्या खोल्यांतून फिरली, गच्चीवर जाऊन आली आणि इंग्रजीत कॅमेरावाल्याला म्हणाली, "इथे काहीच नाही रे. हे तर कोथरूडसारखंच आहे."

मेहरुन्निसाला इंग्रजी येत नव्हतं. चेहरा वाचता येत होता.

हेमकांतने तोडगा काढला. डोंगरात जाऊ, तिथे कुडाचं घर मिळेल. अनीसला त्याच क्षणी नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. त्याला वाटलं, जितक्या लवकर यांचं खूळ उरकेल तितक्या लवकर आपण परत येऊन त्या बुटांकडे बघू. जेवण झाकून ठेवायला सांगून तो गाडीत बसला.

मोलगीच्या रस्त्याला, घाटात एका पाड्यावर नवलसिंग राहायचा. वर्षानुवर्षं तो मकराणींच्या दुकानातून प्लास्टिक नेत आला होता. अनीसला डोंगरातली बोली येत होती. त्या दुकानात वाढलेल्याला ती यावीच लागते. नवलसिंगचं घर रुचिकाला इतकं आवडलं की ती दारातच हरखून उभी राहिली. कुडाच्या भिंती, अंगणात कोंबड्या, मागे डोंगर. म्हैस नव्हती, पण दोन बैल होते.

नवलसिंग मात्र राजी नव्हता. घर आपलं, त्यात बसून फोटो दुसऱ्याचा, हे काय काम, असं त्याने विचारलं. मग तो बैलांना वैरण टाकत राहिला. ऊन वर चढत होतं. शेवटी त्याने अनीसला विचारलं, हे कॉम्प्युटरचे लोक आहेत ना, तर आमच्या शाळेला कॉम्प्युटर देतील का. मास्तर मागे म्हणत होता.

अनीसने हे रुचिकाला सांगितलं.

"हो, म्हणजे, आम्ही नक्की बघतो," ती हसून म्हणाली.

'नक्की बघतो' म्हणजे नाही, हे अनीसला जितकं कळत होतं तितकं कोणाला कळत नसेल. इतकी वर्षं तो हीच भाषा ऐकत आला होता. तरी त्याने नवलसिंगकडे वळून सांगितलं, "देतील."

नवलसिंग बाजूला झाला.

मग चित्रीकरण सुरू झालं. अनीसचा शर्ट फार इस्त्रीचा होता म्हणून तो बदलायला लावला. नवलसिंगची एक बंडी त्याच्या अंगावर चढली. त्याला उंबऱ्यावर बसवलं, मांडीवर लॅपटॉप दिला. तिथे नेटवर्कचा टिपूस नव्हता, तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं. "समोर काहीतरी भारी कोड आहे असं समजून बघा," रुचिका म्हणाली. अनीस कोऱ्या पडद्याकडे बघत बसला. मागून हेमकांत चालत आला, त्याने खांद्यावर हात ठेवला आणि दोघांनी डोंगराकडे पाहिलं. हे सहा-सात वेळा झालं, कारण हेमकांतचा हात प्रत्येक वेळी अनीसचा चेहरा झाकायचा. एक कोंबडी मध्ये आली ती रुचिकाला फार आवडली, आणि तिला पुन्हा आणायला सांगितलं गेलं. नवलसिंगची बायको दिवलीबाई हे सगळं लांबून, तोंडावर पदर धरून बघत होती.

"सर, दुपार झाली," अनीस म्हणाला.

"रेंज नाहीये तर आपण काय करणार?" हेमकांत म्हणाला, आणि कुर्ता सारखा केला.

उतरताना घाटाच्या पायथ्याशी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळू लागले. प्रोग्राम पडला होता. बॅकअपला शोधून शोधून क्लायंट थकला होता. युरोपातल्या दुकानांत कित्येक तास कोणाला कळत नव्हतं की बूट आहेत की नाहीत. अनीसने गाडीतच लॅपटॉप उघडला, बंद केलं, चालू केलं, आणि सगळं सुरळीत झालं. हेमकांत तोवर फोनवर कोणाला तरी सांगत होता, "रूरल कनेक्टिव्हिटी, सर. तिकडची परिस्थितीच तशी आहे." अनीस शेजारी बसून ऐकत होता.

घरापाशी पाहुण्यांपैकी कोणी उतरलं नाही. सुरतेहून विमान गाठायचं म्हणून गाडी तशीच निघून गेली. मेहरुन्निसाने बिर्याणी शेजारी वाटून टाकली. रात्री तिने मुलाला एवढंच विचारलं, "बेटा, ये लोगां अपने घर आये, तो अपने घर में बैठे क्यूं नहीं?"

"घर बहुत अच्छा है ना, इसलिये," अनीस म्हणाला. तिला ते पटलं नाही.

व्हिडिओ आला तेव्हा त्यात अनीसच्या तोंडचं एकही वाक्य नव्हतं. बासरी वाजत होती. कोंबडी होती. खाली लिहिलं होतं की हा शेतकऱ्याचा मुलगा, आपल्या पाड्यातून पहिलाच शिकलेला. मकराणी घराण्यातले लोक पिढ्यान् पिढ्या याच बाजारपेठेत धंदा करत आलेले, बाप बी.कॉम. झालेला, पण ते कोण विचारतो. कंपनीत टाळ्या पडल्या, अनीसच्या खांद्यावर ठेवलेल्या हेमकांतच्या हाताचं विशेष कौतुक झालं. आणि त्याच आठवड्यात दुसरी मेल आली. अलीकडच्या एका घटनेमुळे क्लायंटचा विश्वास ढळला आहे, दुर्गम भागातून काम करणं जोखमीचं आहे, तेव्हा सर्वांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हावं.

अनीसने हेमकांतला फोन लावला. घटना कोणामुळे घडली ते वरच्यांना लिहून कळवतो, असं त्याला बजावलं.

 हेमकांत एकदम हलक्या आवाजात बोलू लागला, आणि बेसिकली नाशिकच्या साइडचं काही त्यात उरलं नव्हतं.

"भाऊ, तू माले समजी ले. मन्हा हातमा काहीच नही शे. मन्हं नाव ऊनं ते माले काढी टाकतीन. आपण एकच मुलखना शेत ना."

नाव आलं तर नोकरी जाईल, आपण एकाच मुलखातले, ही विनवणी अनीसला नीट कळली; अहिराणी त्याला मायबोलीइतकीच चांगली येत होती. त्याने मुद्दाम छापील मराठीत उत्तर दिलं. "आपण नाशिकचे आहात, सर. मी अक्कलकुव्याचा." आणि फोन ठेवला. त्या दिवसापुरतं त्याला फार बरं वाटलं. पण लिहून त्याने कळवलं नाही. दोन-तीनदा मेल लिहायला बसला आणि प्रत्येक वेळी तिचा सूर त्यालाच हेमकांतच्या रिपोर्टसारखा वाटला. तसं तो स्वतःला सांगे. खरं कारण त्याला माहीत होतं. तो घाबरला होता.

पुण्याला निघायच्या आधीच्या आठवडी बाजाराला नवलसिंग दुकानात आला. त्याने अरबाजकडे पाहिलंच नाही, सरळ अनीसला विचारलं, कॉम्प्युटर कधी येणार. मास्तरने खोली झाडून ठेवली आहे.

अनीसने खरंच रुचिकाला दोनदा मेल केली होती. तिचं उत्तर आलं होतं की त्या विभागाचं यंदाचं बजेट संपलं, पुढच्या वर्षी नक्की बघू. हे नवलसिंगच्या बोलीत कसं सांगावं ते त्याला सुचेना. त्याने बजेट, विभाग, मोठे साहेब अशी सुरुवात केली. मध्येच त्याला आपला आवाज ऐकू आला, अगदी मीटिंगमधला. तरी तो बोलत राहिला.

नवलसिंगने त्याला मध्ये अडवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अनीस सकाळच्या मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद करून, हेमकांतचं बोलणं ज्या तोंडाने ऐकायचा तेच तोंड आता समोर होतं. 

"तूच बोलला होता, देतील," नवलसिंग म्हणाला. मराठीत म्हणाला, म्हणजे दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही समजावं. मग पायरी उतरून निघून गेला.

अनीस पुण्याला गेला. ऑफिसात त्याला खिडकीपासून लांब एक टेबल मिळालं. टीममधले निम्मे लोक चेन्नईत, त्यामुळे तिथेही तो कानाला हेडफोन लावून कॉलवरच असतो. चार टेबलं पलीकडे हेमकांत त्याच कॉलवर असतो. प्रोग्राम गुरुवारी पडतो. रिपोर्ट हिरवा जातो. नव्या भरतीच्या पोरापोरींना पहिल्या दिवशी तो व्हिडिओ दाखवतात. परवा त्यांच्यातल्या एका मुलीने जेवणाच्या रांगेत अनीसकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "सर, तो डोंगरातला इंजिनिअर तुम्हीच ना?"

"नाही," अनीस म्हणाला. "तो तिकडेच राहतो." आणि ताट पुढे केलं.